अप्पा बळवंत चौक ते दाणेआळी: शीतयुद्धानंतरची अमेरिका

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत शीतयुद्धाचा निकाल काउंटरवरच मांडून ठेवलेला असतो, फक्त तो समजतात तितका एकतर्फी नाही. जीआरई आणि टोफेलच्या जाडजूड गाइडांच्या चळतीशेजारी इरोडोव्हचे भौतिकशास्त्राच्या उदाहरणांचे पुस्तक मिळते. मूळ मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचे हे पुस्तक. सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१ मध्ये मोडला, मीरच्या स्वस्त आवृत्त्या यायच्या थांबल्या, तरी आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेला बसणारी मुले ते मागत राहिली आणि भारतीय प्रकाशक ते छापत राहिले. हरलेल्या महासत्तेची गणिते सोडवून जिंकलेल्या महासत्तेचा व्हिसा मिळवायचा, अशी ही पुणेरी वाट आहे. चौकाला नाव पेशव्यांचे सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांचे; पेठ त्याहून जुनी. औरंगजेबाच्या दक्षिणेतल्या मुक्कामात, १७०३ च्या सुमारास, ती मुहियाबाद या नावाने वसली. पुढे बादशाही गेली, तिचे नावही गेले आणि बुधवार तेवढा उरला. शिवाजी रस्त्याने उभी आणि लक्ष्मी रस्त्याने आडवी कापलेली ही पेठ पायी हिंडायला फारसा वेळ लागत नाही. पण पुस्तकांच्या चौकातून निघून, तांबड्या जोगेश्वरीच्या देवळावरून दगडूशेठ गणपतीपर्यंत आणि तिथून शिवाजी रस्ता ओलांडून दाणेआळीपर्यंत गेले, तर शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकेचे परराष्ट्र धोरण कोण ठरवू लागले, या प्रश्नाचे उत्तर वाटेत सापडते.

शीतयुद्ध चालू असताना पुण्यातल्या वाचकाच्या मताला मॉस्को आणि वॉशिंग्टन या दोन्ही ठिकाणी किंमत होती. ‘सोव्हिएत देश’ मराठीतून येत असे. गुळगुळीत कागदावरची रशियन बालपुस्तके नाममात्र दरात घरोघर पोहोचली होती. अमेरिकेचे ‘स्पॅन’ १९६० पासून निघत होते. पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हाच्या मोबदल्यात साठलेल्या रुपयांतून अमेरिकी पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या निघत आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्यांवर पोसले जात. हे औदार्य कुणाचेच निरपेक्ष नव्हते. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊ नये म्हणून दोघेही माल स्वस्त विकत होते इतकेच. एक दुकान बंद पडल्यावर दुसऱ्याने सवलत काढून घेतली. अमेरिकेची माहिती आणि प्रचार सांभाळणारी स्वतंत्र संस्था ऑक्टोबर १९९९ मध्ये बंद करून तिचे काम परराष्ट्र खात्यात विलीन करण्यात आले. त्याच सुमारास राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात अमेरिकेची विकासमदत जेमतेम ०.१ टक्क्यावर येऊन ठेपली होती. येथवरचे सगळे परिचित आहे. माझे म्हणणे याच्या पुढचे आहे. प्रतिस्पर्धी गेल्यावर अमेरिका जगातून मागे सरली नाही. उलट तिचा वावर वाढला. पण त्या वावराला बाहेरून लावायची मोजपट्टी हरवली आणि तिची जागा अमेरिकेच्या घरगुती राजकारणाने घेतली. कोणत्या देशाला काय द्यायचे, कोणत्या अटीवर द्यायचे, कधी थांबवायचे, हे त्या देशात काय घडते यापेक्षा आयोवा, न्यू जर्सी किंवा नॉर्थ कॅरोलायनातल्या मतदाराला काय पटते यावर ठरू लागले.

याचा भक्कम पुरावा आपल्याच अणुचाचण्यांनंतर मिळाला. मे १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले, पाठोपाठ पाकिस्तानने केले, आणि अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने दोघांवर निर्बंध आपोआप लागू झाले. सूट द्यायचा अधिकार राष्ट्राध्यक्षालाही ठेवलेला नव्हता, इतका तो कायदा कडक होता. पण पाकिस्तान हा वॉशिंग्टन राज्यातल्या गव्हाचा मोठा गिऱ्हाईक. त्याची पुढची खरेदी तोंडावर आली तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या प्रतिनिधींना गाठले, आणि जुलैच्या मध्यापर्यंत शेतमालाच्या कर्जपुरवठ्याला निर्बंधांतून वगळणारा कायदा मंजूरही झाला. अण्वस्त्रप्रसार रोखण्याचे तत्त्व दोन महिन्यांत गव्हाच्या पोत्यापुढे नमले. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, भारताने सही करावी म्हणून अमेरिका ज्या चाचणीबंदी करारासाठी दबाव आणत होती तोच करार तिच्या सिनेटने ४८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळला. कारणे करारात होती त्याहून अधिक क्लिंटन आणि रिपब्लिकन पक्ष यांच्या वैरात होती. गाइडांच्या चळतीकडे पुन्हा पाहिले तरी हेच दिसते. १९९० च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसाची मर्यादा ६५,००० ठरली. संगणक उद्योगाने जोर लावल्यावर ती २००१ ते २००३ या तीन वर्षांसाठी १,९५,००० झाली आणि नंतर पुन्हा खाली आली. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क बसले. या सबंध काळात पुण्याच्या पोरांच्या गुणवत्तेत असा चढउतार झाल्याचे कुणी म्हटलेले नाही.

जोगेश्वरीवरून पुढे शिवाजी रस्त्यावर आले की दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाची रांग लागते. तिच्यासमोर भिडेवाड्याची जागा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती इथे. मोडकळीला आलेला वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला आणि तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. माझ्या मांडणीला पहिला अडसर याच जागेवर उभा राहतो. अमेरिकेतल्या घरगुती हालचालींचा धक्का पुण्याला १९९१ नंतर बसू लागला, असे कसे म्हणायचे? जोतीरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा झाली ती अहमदनगरला मिस सिंथिया फॅरार यांची शाळा पाहून. फॅरारबाई अमेरिकन मराठी मिशनच्या होत्या, आणि ते मिशन बोस्टनकडच्या चर्चवाल्यांच्या वर्गणीवर १८१३ पासून मुंबई इलाख्यात काम करीत होते. पुढे १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली तीही गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. म्हणजे न्यू इंग्लंडमधल्या धर्मजागृतीचे पडसाद बुधवार पेठेत दीडशे वर्षांहून अधिक काळ उमटत आहेत. आक्षेप खरा आहे, पण त्यातला फरक नजरेआड करून चालणार नाही. मिशनच्या मागे अमेरिकेचे सरकार नव्हते. शाळा पाहायला आलेल्या जोतीरावांकडून कुणी प्रतिज्ञापत्र लिहून घेतले नाही, म्हणून त्यांना हवे ते उचलता आले आणि धर्मांतराचा भाग बाजूला ठेवता आला. सरकारी तिजोरीचा पैसा आणि त्यावरची कायद्याची अट एकत्र आली की ही मोकळीक उरत नाही.

दुसरा आक्षेप यालाच चिकटून येतो. अटी तर शीतयुद्धातही होत्या. १९६५ ते १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे महिन्याच्या हिशेबाने सोडली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेला लाल मिलो ज्यांनी खाल्ला त्यांना अमेरिकी धान्याची चव वेगळी सांगायला नको. मात्र जॉन्सन यांच्या अटी भारताने शेती कशी करावी आणि व्हिएतनामबद्दल काय बोलावे याविषयी होत्या. त्या उद्दाम होत्या, पण त्यांचा विषय भारत होता. दिल्लीला त्यांवर घासाघीस करता येत होती आणि समोर मॉस्कोचे दार उघडे होते. उलट उदाहरणही द्यायला हवे. गर्भपाताशी संबंध ठेवणाऱ्या परदेशी संस्थांना पैसे न देण्याचा नियम रेगन यांनी १९८४ मध्येच केला, म्हणजे रोगाचे बीज जुने आहे. पण पुढे त्याचे काय झाले ते पाहावे. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी तो उठवला, २००१ मध्ये बुश यांनी आणला, २००९ मध्ये ओबामांनी उठवला, २०१७ मध्ये ट्रम्प यांनी आणला, २०२१ मध्ये बायडेन यांनी उठवला आणि २०२५ मध्ये तो परत आला. जगातल्या बाळंतपणांच्या स्थितीशी या तारखांचा काही संबंध लागत नाही. अमेरिकेतल्या शपथविधींशी मात्र तंतोतंत लागतो.

आता रस्ता ओलांडायचा. दगडूशेठच्या मागच्या अंगाला दाणेआळी आणि तिच्या आसपासच्या बोळांत पुण्याची वेश्यावस्ती आहे. गणपतीचा घंटानाद तिथे ऐकू जातो आणि फरासखाना पोलीस ठाणेही हाकेच्या अंतरावर आहे. प्रवासवर्णनांतून या बोळांना एकतर वगळतात, नाहीतर त्यांवर अश्रू ढाळतात. इथे यायचे कारण वेगळे आहे. शीतयुद्धोत्तर अमेरिकेचा सगळ्यात मोठा आरोग्यविषयक मदतकार्यक्रम ज्या आजारासाठी उभा राहिला त्याच्या अभ्यासात पुणे अगदी सुरुवातीपासून होते. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये भोसरीत स्थापन झाली, आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी तिचे सहकार्य लवकरच सुरू झाले. नव्वदच्या दशकात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत तपासणीला येणाऱ्या धंद्यातल्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांना एचआयव्हीची लागण आढळली. त्याहून हादरवणारा निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. याच दवाखान्यांत आलेल्या, धंद्याशी संबंध नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध आलेला नव्हता. म्हणजे पेठेच्या बोळांतला निरोध हा पेठेबाहेरच्या संसारांचाही प्रश्न होता. त्यावर उपाय सापडला तोही इथल्या लोकांना आज सवयीचा आहे: बाहेरून उपदेशक न पाठवता वस्तीतल्याच बाईला कार्यकर्ती करायचे, निरोध तिच्या हातून वाटायचे, दवाखान्यात तिनेच सोबत न्यायचे. पुण्यात सहेली संघ आणि सांगलीत संग्राम या संस्थांचे काम याच रीतीने चालत आले. बाई स्वतःला गुन्हेगार किंवा पतित मानत असेल तर ती गिऱ्हाइकाला निरोध वापरायला भाग पाडू शकत नाही, हा त्यांचा अनुभव होता. इथे भूतदयेचा संबंध नव्हता, लागण थांबवण्याचे तंत्रच तसे होते.

जानेवारी २००३ मध्ये बुश यांनी काँग्रेसपुढच्या वार्षिक भाषणात एड्ससाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर देण्याची घोषणा केली. इराकवरच्या युद्धाची बाजू मांडली गेली तेच हे भाषण. हा पैसा आला कुठून, याची गोष्ट अमेरिकेच्या घरातली आहे. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष राहिलेले नॉर्थ कॅरोलायनाचे जेसी हेल्म्स परदेशी मदतीला उंदरांच्या बिळात टाकलेला पैसा म्हणत. इव्हँजेलिकल धर्मोपदेशक फ्रँकलिन ग्रॅहम आणि गायक बोनो यांनी त्यांचे मन वळवले, आणि २००२ मध्ये हेल्म्स यांनी आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्यासाठी ५० कोटी डॉलरची मागणी जाहीरपणे केली. रिपब्लिकन पक्षाचा कणा असलेल्या चर्चमंडळींनी एड्स आपला मानला नसता, तर हा कायदा झाला नसता. पण त्यांनीच त्यात आपली कलमे घातली. मे २००३ च्या कायद्याने प्रतिबंधाच्या निधीपैकी एक तृतीयांश रक्कम लग्नापर्यंत ब्रह्मचर्य पाळण्याच्या प्रचारावर राखली. आणखी एक अट अशी की, पैसे घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने वेश्याव्यवसायाला स्पष्ट विरोध करणारे धोरण लेखी स्वीकारले पाहिजे. ही शपथ कायद्यात घालण्यात पुढाकार होता तो न्यू जर्सीचे प्रतिनिधी ख्रिस स्मिथ यांचा. दाणेआळीत कोणते तंत्र उपयोगी पडते याची विचारणा या कलमापूर्वी झाली असेल, असे त्याच्या शब्दांवरून तरी वाटत नाही.

या अटीचा फटका महाराष्ट्राला लगेच बसला. राज्यात यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचा पैसा केंद्र आणि राज्य सरकारांच्या भागीदारीतल्या ॲव्हर्ट सोसायटीमार्फत येत होता. सांगलीच्या संग्राम संस्थेने आणि तिच्या बरोबरीने उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने शपथ घ्यायला नकार दिला आणि २००५ मध्ये अमेरिकी पैसा सोडला. त्याच वर्षी ब्राझीलनेही याच कारणासाठी सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले. ब्राझील देश होता, त्याला ते परवडले; सांगलीच्या संस्थेला ते किती जड गेले असेल याचा अंदाज करता येतो. पुण्यामुंबईकडे काम करणाऱ्या पाथफाइंडर इंटरनॅशनलची अडचण आणखी विचित्र होती. महाराष्ट्रातले तिचे वेश्यावस्त्यांमधले काम चालत होते गेट्स प्रतिष्ठानच्या ‘अवाहन’ कार्यक्रमाच्या पैशावर, ज्याला अशी काही अट नव्हती. पण दुसऱ्या देशांतल्या कामासाठी ती अमेरिकी सरकारचे पैसे घेत असल्याने शपथ सबंध संस्थेला बांधत होती. सरकारी डॉलर गेट्सच्या डॉलरलाही मुकाट बसवीत होता. पाथफाइंडर आणि इतर संस्था न्यायालयात गेल्या. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की अमेरिकी संस्थांवर अशी सक्ती करणे हा त्यांच्या भाषणस्वातंत्र्याचा भंग आहे. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी सांगितले की त्यांच्या परदेशी शाखांना ते स्वातंत्र्य नाही. इतका स्वच्छ पुरावा राजकारणात क्वचित मिळतो. धोरण अमेरिकेचे, परिणाम दाणेआळीत, आणि तक्रार करण्याचा हक्क फक्त अमेरिकी नागरिकाला.

यावर म्हणता येईल की ज्याचा पैसा त्याची अट, यात नवल काय? शिवाय अमेरिकी सरकारच्या हिशेबाने या कार्यक्रमाने सुमारे अडीच कोटी जीव वाचवले, त्यापुढे एका शपथेचे कौतुक किती करायचे? ही संख्या मी हलकी मानत नाही. हेल्म्स यांचे मन वळले नसते तर त्यातले बरेच लोक आज नसते, आणि घरगुती राजकारण नेहमी वाईटच घडवते असे माझे म्हणणे नाही. म्हणणे इतकेच की ते चांगले घडवते तेव्हाही ते योगायोगाने घडवते, आणि वारे फिरले की काढून घेते. काही जण असेही दाखवतील की ९/११ नंतर अमेरिकेला नवा शत्रू मिळाला आणि जानेवारी २००० मध्ये सुरक्षा परिषदेने एड्सला सुरक्षेचा प्रश्न मानले होते, म्हणजे बाहेरची मोजपट्टी परत आली होती. सुरक्षेच्या काळजीने रकमेचा आकडा समजतो. वेश्याव्यवसायविरोधी शपथ समजत नाही. अल् कायदाचा आणि ब्रह्मचर्याच्या टक्केवारीचा संबंध जोडणे कुणालाही कठीण जाईल.

शपथेबरोबर दुसरे हत्यार होते मानवी तस्करीवरच्या वार्षिक प्रतवारीचे. क्लिंटन यांच्या सहीने ऑक्टोबर २००० मध्ये झालेल्या कायद्याने अमेरिकेचे परराष्ट्र खाते जगातल्या देशांना दरवर्षी गुण देऊ लागले. या कायद्यामागे चर्चमंडळी आणि काही स्त्रीवादी संघटना अशी एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी युती होती. भारत २००४ पासून २०१० पर्यंत दुसऱ्या श्रेणीच्या नजरयादीत अडकून राहिला. याच काळात, मे २००६ मध्ये, गिऱ्हाइकालाच गुन्हेगार ठरवू पाहणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेत आले. त्यामागे एकटी प्रतवारीच होती असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण भारतातही त्या बाजूचे प्रामाणिक लोक होते. पण विधेयकाला विरोध झाला, एड्स नियंत्रण यंत्रणेतूनही शंका आल्या, आणि २००९ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते बारगळले. ज्या सभागृहाला इथले लोक निवडून देतात तिथे निदान अडवणूक करता येते.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी परदेशी मदत थांबवली आणि १ जुलैला यूएसएडचे उरलेसुरले काम परराष्ट्र खात्यात गेले. आफ्रिकेत हाहाकार उडाला. भारताला तसा धक्का बसला नाही, कारण एड्स नियंत्रणाचा २०२१ ते २०२६ चा टप्पा १५,४७१.९४ कोटी रुपयांचा आणि संपूर्ण भारत सरकारच्या पैशावरचा होता. मग अमेरिकेच्या लहरीची पर्वा का करायची, असे विचारता येईल. करायची ती कारण परका पैसा थोडा असला तरी सरकारी योजनेने सोडलेल्या कोपऱ्यात जातो. जॉन्स हॉपकिन्सच्या मदतीने आणि यूएसएडच्या निधीतून तृतीयपंथीयांसाठी ‘मित्र’ दवाखाने चालत होते: हैदराबादला, कल्याणला आणि पुण्याला. ते जानेवारीच्या अखेरीस बंद झाले. त्यांच्या कामात काही खोट निघाली होती म्हणून नव्हे. अमेरिकेत तृतीयपंथीयांचा प्रश्न निवडणुकीचा झाला होता आणि सिनेटर जॉन केनेडी, एलॉन मस्क यांना या दवाखान्यांत करदात्यांच्या उधळपट्टीचे हुकमी उदाहरण मिळाले होते. हैदराबादचा दवाखाना पुढे टाटा ट्रस्टच्या पैशाने पुन्हा उघडला.

दाणेआळीपुरते पाहिले तर अधिक टिकाऊ फायदा वेगळ्याच कागदातून झाला. निरोध वाटण्यासाठी आणि तपासण्यांसाठी एड्स नियंत्रण यंत्रणेने वस्त्यांतल्या बायकांच्या ज्या याद्या केल्या होत्या, त्यांच्या आधारे कोविडच्या काळात, २०२० च्या अखेरीस, महाराष्ट्र सरकारने त्यांना दरमहा ५,००० रुपयांची मदत जाहीर केली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की याच याद्या पाहून, रहिवासाचा दाखला न मागता, त्यांना शिधापत्रिका आणि मतदार ओळखपत्रे द्यावीत. मे २०२२ च्या आदेशात स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रीला पोलिसांनी छळू नये, असेही आले. बुधवार पेठ कसबा पेठ विधानसभा मतदारसंघात येते. दाणेआळीतली बाई तिथल्या उमेदवाराला दारात अडवून दवाखान्याबद्दल विचारू शकते. ख्रिस स्मिथ ज्या न्यू जर्सीच्या चौथ्या मतदारसंघातून दर दोन वर्षांनी निवडून येत राहिले, तिथे तिचे मत कधीच नव्हते.